पाणी कुठवर येणार ते सांगा

वादळाचे इशारे लिहिणाऱ्या, त्यांचं मराठी करणाऱ्या आणि भोंग्यावरून ते वाचून दाखवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

तुमच्यापैकी कोणालाच मी ओळखत नाही. कोणी मोठ्या ऑफिसात बसून बुलेटिन लिहितं, कोणी जिल्ह्याच्या ठिकाणी ते मराठीत करतं, कोणी तलाठी असेल, कोणी पोलीस पाटील, कोणी रिक्षाला भोंगा बांधून बंदरावर फिरणारा पोरगा. तुम्ही सगळे मिळून जे तयार करता ते शेवटी चार ओळींचा मेसेज होऊन वादळाच्या आदल्या दिवशी आमच्या मोबाईलवर येतं. त्या चार ओळींबद्दल मला बोलायचंय, आणि पत्र लांब होणार आहे कारण सुरुवात दापोलीतून नाही, फिलिपिन्समधून करावी लागणार आहे.

मी दापोली तालुक्यातला, हर्णै बंदराच्या जवळचा, बोटीवर इंजिनियर आहे. 2013 साली एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या मोठ्या बोटीवर, सेकंड इंजिनियर होतो, ब्राझीलहून आयर्न ओर, म्हणजे लोखंडाची माती, भरून आफ्रिकेच्या केपला वळसा घालून चीनला चाललो होतो. आम्ही 21 जण, त्यातले 14 फिलिपिनो. बोटीवर नोकरी केलेल्या कोणालाही विचारा, फिलिपिनो माणसांबरोबर जेवलो नाही असा एकही सापडणार नाही. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशीचा होता, लेयते बेटावरच्या पालो गावचा, टॅक्लोबान शहराला लागूनच आहे ते. त्याला आम्ही सगळे कुया म्हणायचो, त्यांच्या भाषेत कुया म्हणजे दादा. माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपताना माझ्या आईसाठी त्याने स्वतःच्या हाताने दोरीची विणलेली पिशवी दिली होती, ती अजून आमच्या घरी आहे, आई त्यात कोकमं ठेवते.

7 नोव्हेंबर 2013, संध्याकाळ. तेव्हा बोटीवर आजच्यासारखं वायफाय नव्हतं, सॅटेलाईट फोनचं कार्ड घ्यायचं आणि मिनिटं मोजत बोलायचं. कुया फोन करून आला आणि माझ्या केबिनच्या दारात उभा राहिला. म्हणाला, सेकंड, घरी मोठं बाग्यो येतंय, बाग्यो म्हणजे वादळ, बायको म्हणते की टीव्हीवर स्टॉर्म सर्ज स्टॉर्म सर्ज असं सारखं सांगतायत, ते काय असतं? मी त्याला सांगितलं की सर्ज म्हणजे आपली बोट धक्क्याला बांधलेली असताना लाटांनी पुढेमागे होते ना, तसलं काहीतरी असेल, समुद्र खवळणार असेल. कारण आम्हा बोटीवाल्यांच्या भाषेत सर्ज म्हणजे तेच, बोटीची पुढेमागे होणारी हालचाल, दोरखंड ताणले जातात ती. तो म्हणाला हां मलाही तेच वाटलं, मी तिला सांगितलंय पत्रे बांधून घे, मुलांना शाळेत घेऊन जा, पक्की बिल्डिंग आहे.

दोघं दर्यावर्दी. आयुष्य समुद्रावर गेलेली माणसं. आणि दोघांनाही तो शब्द कळला नाही. हे मी गेली कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय आणि म्हणूनच तुम्हाला लिहितोय.

त्या वादळाचं आंतरराष्ट्रीय नाव हैयान, फिलिपिन्समध्ये योलांडा. टायफून, हरिकेन, सायक्लोन हे सगळं एकच हो, फक्त समुद्र बदलला की नाव बदलतं. फिलिपिन्सच्या हद्दीत वर्षाला वीसेक वादळं येतात, त्यामुळे तिथल्या लोकांना वाऱ्याची सवय आहे जशी आपल्याला पावसाची आहे. पण हे वेगळं होतं. 8 नोव्हेंबरच्या पहाटे साधारण पावणेपाचला ते समार बेटाच्या टोकाला गिवान गावावर धडकलं तेव्हा अमेरिकेच्या नौदलाच्या हवामान केंद्राचा अंदाज होता ताशी 315 किलोमीटर, एका मिनिटाच्या सरासरीने. जपानचं हवामान खातं दहा मिनिटांची सरासरी धरतं, त्यांचा आकडा 230. कुठलाही घ्या, आपल्याकडे निसर्ग वादळात ताशी शंभर-एकशेदहाच्या वाऱ्याने शंभर वर्षांची झाडं मुळासकट आडवी केली होती, त्यावरून विचार करा. वादळाच्या पोटातला हवेचा दाब 895 मिलिबारपर्यंत उतरला होता, नेहमी तो हजाराच्या आसपास असतो.

पण वाऱ्याने मेली त्याहून कितीतरी जास्त माणसं पाण्याने मेली. आणि ते पाणी कसं येतं हे तुमच्यातल्या भोंगावाल्या पोराला कोणी समजावून सांगितलंय का, मला माहीत नाही, म्हणून मीच सांगतो. वादळाच्या मध्यावर हवेचा दाब कमी झाला की समुद्र तिथे थोडा वर उचलला जातो, एक मिलिबार कमी तर साधारण एक सेंटीमीटर पाणी वर, म्हणजे योलांडात त्याने जेमतेम मीटरभर. बाकीचं काम वारा करतो. वारा तासन् तास पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो आणि समोर जर उथळ, निमुळता उपसागर असेल तर त्या पाण्याला बाजूला जायला जागाच नाही, ते चढत जातं. टॅक्लोबान बरोब्बर तसल्याच जागी आहे, लेयते आणि समार या दोन बेटांच्या मध्ये सान पेद्रोचा उथळ उपसागर, नरसाळ्यासारखा, आणि नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाशी सव्वादोन लाख वस्तीचं शहर. लाट येऊन फुटून परत जाते तसं हे नसतं, इथे अख्खा समुद्रच वर येतो आणि वर राहतो आणि त्याच्यावर परत लाटा असतातच. टॅक्लोबानला पाणी पाच-सहा मीटरपर्यंत चढलं. काही ठिकाणी आणखी जास्त.

आणि त्याआधी एक विचित्र गोष्ट झाली. सुरुवातीला वारा जमिनीकडून समुद्राकडे होता, त्याने उपसागरातलं पाणी बाहेर ढकललं, किनारा उघडा पडला, ओहोटी लागल्यासारखा. वादळ पुढे सरकलं तसा वारा फिरला आणि ते सगळं पाणी उलटून आलं, मिनिटांत. ज्यांनी पहाटे पाणी मागे गेलेलं पाहिलं त्यांना वाटलं असेल संकट टळलं.

आता मला जे म्हणायचंय ते इथे आहे. इशारा दिला गेला नव्हता असं अजिबात नाही. फिलिपिन्सच्या हवामान खात्याने, पागासाने, बुलेटिनमध्ये लिहिलं होतं, स्टॉर्म सर्ज सात मीटरपर्यंत. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो स्वतः आदल्या संध्याकाळी टीव्हीवर येऊन बोलले, पाच-सहा मीटर म्हणाले. साधारण आठ लाख लोकांना घराबाहेर काढलं होतं, हे काही थोडं काम नाही. म्हणजे शास्त्रज्ञांनी गणित बरोबर केलं, सरकारने ते सांगितलं, लोकांनी ते ऐकलंसुद्धा. फक्त ऐकलेलं कोणाला कळलं नाही. लोकांनी वाऱ्यापासून वाचायची तयारी केली, पक्क्या भिंती आणि मजबूत छप्पर बघून तिथे गेले. टॅक्लोबानचं कन्व्हेन्शन सेंटर, ज्याला तिथे ॲस्ट्रोडोम म्हणतात, समुद्राच्या अगदी काठावर आहे आणि तेच निवारा केंद्र होतं. छप्पर बऱ्यापैकी टिकलं. पाणी खालून आलं. ज्यांना जमलं ते प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर वरवर चढत गेले.

नंतर वाचलेली माणसं एकच वाक्य सांगत होती, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या पत्रकारांना: त्सुनामी म्हणाले असते तर आम्ही पळालो असतो. त्सुनामी शब्द त्यांना माहीत होता, 2004 ची इंडोनेशियाची आणि 2011 ची जपानची दृश्यं टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली होती, त्सुनामी म्हटलं की डोंगराकडे पळायचं हे लहान पोरालाही ठाऊक. स्टॉर्म सर्ज म्हणजे काय तर काहीतरी इंग्लिश. तिथे घराघरात वाराय बोलतात, टीव्हीवर तागालोग आणि इशारा इंग्लिशमधून. शास्त्राच्या दृष्टीने हे पाणी त्सुनामी नव्हतं हे बरोबरच आहे, पण समार बेटावरच्या एर्नानी गावाचा व्हिडिओ बघा, प्रवाळाच्या कड्यावरून आलेला पाण्याचा लोट घर उचलून नेतो, त्या घरातल्या माणसाला तुम्ही जाऊन फरक समजावून सांगणार आहात का.

बोटीवर आम्हाला 8 तारखेला दुपारी कॅप्टनच्या ईमेलमधून कळलं की टॅक्लोबानशी संपर्क तुटलाय. एवढंच. आमच्यात लेयते-समारचे चौघं होते. चौघंही ड्युटीवर येत राहिले. मला आठवतंय कुया डेकवर गंज खरवडत होता, चिपिंग हॅमर घेऊन, काही गरज नसलेल्या जागी, सकाळी सहापासून. रात्री मेसमध्ये कोणी टीव्हीवर सिनेमा लावला नाही, कुकने भात केला आणि तो तसाच राहिला. फोनचे टॉवर पडलेले, विमानतळ उद्ध्वस्त, रस्त्यांवर माड आडवे, तीन कोटींहून जास्त माड पडले त्या वादळात, आणि माड म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. माड पडला की सात-आठ वर्षांचं उत्पन्न पडतं.

कुयाचा चुलतभाऊ सेबूला होता. तो फेरीने ओर्मोकला उतरला आणि तिथून जेवढं वाहनाने जमलं तेवढं वाहनाने आणि बाकीचं चालत पालोला पोचला. नवव्या दिवशी कॅप्टनकडे दोन ओळींचा ईमेल आला. बायको आणि मोठा मुलगा जिवंत. धाकटी मुलगी आणि सासू नाहीत.

मुलगी अकरा वर्षांची होती. मी तिला कधी भेटलो नव्हतो पण तिचा फोटो कुयाच्या केबिनमध्ये बंकच्या वर चिकटवलेला असायचा, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, पुढचा दात पडलेला, म्हणजे फोटो जुनाच असणार.

सरकारी आकडा 6,300 मृत, हजाराहून जास्त बेपत्ता. 11 लाखांवर घरांचं नुकसान, त्यातली जवळजवळ निम्मी पूर्ण जमीनदोस्त. 40 लाख माणसं बेघर. हे आकडे मी पाठ केलेले नाहीत, ते आपोआप पाठ झालेत. त्याच आठवड्यात पोलंडमध्ये वॉर्साला हवामानबदलाची जागतिक परिषद चालू झाली आणि फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलता बोलता रडले आणि काही ठोस ठरेपर्यंत मी जेवणार नाही म्हणाले, ते आम्ही नंतर बघितलं, पोर्टला लागल्यावर. कुयाने ते पूर्ण बघितलं नाही, उठून गेला.

2018 ला सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो. मोठ्या मुलाचं लग्न होतं, त्याने हट्टच धरला होता. सेबूहून फेरीने ओर्मोक, तिथून व्हॅनने दोन-अडीच तास. रस्ता बघून मला घरी आल्यासारखं वाटत होतं, तेच माड, तीच भातखाचरं, तसलीच चढउतार. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन फिरला. आनिबोंग नावाची वस्ती आहे तिथे एक मोठी बोट वादळाने उचलून घरांवर आणून टाकली होती, एव्हा जोसेलिन, तिचा पुढचा भाग कापून स्मारक म्हणून ठेवलाय. मी बोटीवाला माणूस, बोट पाण्यात किती जड असते ते मला टनांत माहितीय, ती रस्त्याच्या पलीकडे उभी बघून पाय जड झाले माझे. मग बास्पेरचं कबरस्तान. तिथे एकत्र पुरलेल्या दोन हजारांहून जास्त माणसांसाठी पांढरे क्रॉस रांगेने लावलेत. आपलं माणूस नेमकं कुठे आहे ते बहुतेकांना माहीत नाही, तर घरच्यांनी एकेक क्रॉस आपला मानून त्यावर नाव लिहिलंय. कुयाने पण एक निवडलाय. फुलं ठेवली, बाजूच्या क्रॉसवरची सुकलेली पानं पण झाडली.

तिथे बसून तो पहिल्यांदा त्या फोनबद्दल बोलला. म्हणाला मीच सांगितलं शाळेत जा म्हणून. शाळा एकमजली होती. मी म्हटलं कुया, तू मला विचारलंस आणि मी पण तेच सांगितलं. तो म्हणाला, सेकंड, टेकडी शाळेपासून वीस मिनिटांवर आहे. चालत. त्यांच्याकडे सबंध रात्र होती.

तुमच्या चार ओळींमध्ये ती वीस मिनिटं असतात, म्हणून एवढं सांगतोय.

आणि हे पाणी तिथे पहिल्यांदा आलेलं नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं आणि जास्त राग आला. 12 ऑक्टोबर 1897 ला याच समार-लेयतेवर असंच वादळ आणि असंच समुद्राचं पाणी आलं होतं, मनिलाच्या वेधशाळेतल्या होसे अल्गे नावाच्या जेसुइट पाद्र्याने तेव्हाच त्याचा सविस्तर अहवाल लिहून ठेवला होता. 1912 च्या नोव्हेंबरमध्ये टॅक्लोबानलाच परत मोठं वादळ आलं. शंभर वर्षांत हे सगळं विसरलं गेलं. कागद स्पॅनिशमध्ये, आजीआजोबा गेले आणि गोष्टही गेली.

उलट उदाहरण पण आपल्याच देशात आहे आणि तेही त्याच वर्षीचं. योलांडाच्या चार आठवडे आधी, 12 ऑक्टोबर 2013 ला ओडिशात गोपाळपूरजवळ फायलिन धडकलं. जवळपास 10 लाख माणसं आधीच हलवली होती, मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. त्याच ओडिशात 1999 च्या वादळात सुमारे 10,000 माणसं गेली होती, एरसमाकडे समुद्र आत घुसला होता. मधल्या चौदा वर्षांत त्यांनी उंचावरची निवारा केंद्रं बांधली, गावागावात पोरं तयार केली, दरवर्षी सराव घेतला, आणि मुख्य म्हणजे तिथल्या प्रत्येक म्हातारीला पाणी म्हणजे काय हे माहीत होतं कारण तिने ते पाहिलं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या म्हातारीने नाही पाहिलेलं. आपलं नशीब आतापर्यंत चांगलं होतं एवढंच. तिने पाहायच्या आधी तिला सांगायचं कसं, हा प्रश्न तुमच्यापुढे आहे.

निसर्गच्या वेळी, 3 जून 2020, मी घरीच अडकलेला होतो लॉकडाऊनमुळे. आदल्या दिवशी मेसेज आला. त्यात लिहिलं होतं की खगोलीय भरतीच्या पातळीपेक्षा इतके मीटर उंच वादळी लाटांमुळे सखल भाग जलमय होण्याची दाट शक्यता आहे. आई चष्मा लावून मोठ्याने वाचत होती. खगोलीय म्हणजे काय रे, ग्रहणाचं सांगतायत का? तीन दिवसांनी खरंच छायाकल्प चंद्रग्रहण होतं, तिचं काही चुकलं नव्हतं. खगोलीय भरती म्हणजे आपली नेहमीचीच, चंद्र-सूर्यामुळे येणारी भरती. सखल म्हणजे आपण का रे? जलमय म्हणजे किती? मला एकदम कुया केबिनच्या दारात उभा दिसला. सात वर्षं झाली होती आणि परत तोच प्रश्न, मराठीत.

त्या वेळी मी उठून तिला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना वरच्या वाडीत मावशीकडे नेऊन ठेवलं. वादळ आमच्या थोडं उत्तरेला, श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर आलं. आमचे माड गेले, पोफळी गेल्या, पडवीची कौलं गेली, लाईट यायला महिना उलटून गेला, पण पाणी आमच्या घरात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर एकजण मला म्हणाला, काय इंजिनियर, उगाच पळालात. मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी तो कोणाचंच ऐकणार नाही ही भीती मात्र तेव्हापासून मनात आहे, आणि पुढची वेळ येतेच आहे, 2009 ला फयान, 2020 ला निसर्ग, 2021 ला तौक्ते, अरबी समुद्र पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मी शास्त्रज्ञ नाही आणि तुमची चूक काढायला पण बसलेलो नाही. तुम्हाला वरून जे इंग्लिश येतं त्याचं तुम्ही घाईघाईत, रात्री जागून, शब्दाला शब्द लावून मराठी करता, आणि ते अचूकच असतं. पण आमच्याकडे पाणी मोजायची भाषा आधीपासून आहे हो. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, पुरुषभर, दोन पुरुष. होडीवाले वावेत मोजतात, वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. पाच मीटर म्हटलं की माझ्या आईला काही दिसत नाही, तीन पुरुष पाणी म्हटलं की ती चप्पल शोधायला लागेल. भरतीओहोटी आम्ही तिथीवर मोजतो, अष्टमीला भांग, म्हणजे छोटी भरती, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, कोळ्याच्या दहा वर्षांच्या पोराला विचारा, तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगतो. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. तेवढंच लिहिलं असतं, की पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जिथे लागतं त्याच्यावर अजून पुरुषभर चढू शकतं, तर खगोलीय हा शब्द लागलाच नसता.

आणि त्या पाण्याला एक नाव द्या जे ऐकून माणूस उठेल. वादळी लाटा म्हणू नका. लाटा आम्ही रोज बघतो, पावसाळ्यात बंधाऱ्यावर उभं राहून बघायला जातो, लाटांना कोण घाबरतो. मला विचाराल तर मी म्हणेन समुद्राला पूर येणार आहे असं लिहा. पूर म्हणजे काय ते महाडला माहितीय, 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणने पाहिलंय, पूर म्हटलं की माणूस वर चढतो, पत्रे बांधत बसत नाही. कदाचित याच्यापेक्षा चांगला शब्द पाजपंढरीच्या एखाद्या कोळणीकडे असेल, तिला जाऊन विचारा. फिलिपिन्समध्ये या सगळ्यानंतर तागालोगमधला दालुयोंग हा जुना शब्द पुढे आणला, सर्जचे इशारे वेगळे करून पाण्याच्या उंचीप्रमाणे द्यायला लागले, कुठल्या वस्तीत पाणी कुठवर येईल त्याचे नकाशे केले. सहा हजार माणसं गेल्यावर केलं. आपल्याला आधी करता येईल.

प्रत्येक गावाचा मेसेज वेगळा पाहिजे. सबंध तालुक्याला एकच मेसेज पाठवून उपयोग नाही, कारण खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाडीचं आणि कड्यावरच्या वाडीचं पाणी एक नाही. गावाचं नाव घाला, देवळाचं नाव घाला. पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येऊ शकतं, जेट्टीकडची घरं, मासळी बाजारामागची घरं, यांनी आज संध्याकाळी सहाच्या आत वरच्या शाळेत जायचं, असं. आणि निवाऱ्याची शाळा ठरवताना फक्त भिंती बघू नका, ती समुद्रापासून किती उंचावर आहे ते आधी बघा, माझी ही एक विनंती तरी ऐकाच. पाणी आधी मागे हटलं तर किनाऱ्यावर बघायला जायचं नाही, हे पण त्याच मेसेजमध्ये पाहिजे. आणि नाही आलं पाणी, तर दुसऱ्या दिवशी एक मेसेज पाठवा की वादळ इतक्या किलोमीटरने सरकलं म्हणून वाचलात, बरं केलंत वर गेलात ते. म्हणजे बंदरावर कोणी कोणाला उगाच पळालात म्हणणार नाही.

हे कागदावर ठरवू नका. हर्णैला दुपारी लिलाव असतो, किनाऱ्यावर वाळूतच, दोनशे-तीनशे माणसं एका जागी सापडतात आणि बहुतेक बायका. तुमचा मागच्या वादळाचा मेसेज घेऊन या, तिथे मोठ्याने वाचा आणि विचारा काय कळलं. जे कळलं नाही ते खोडा, त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. एक दुपार लागेल.

मी एप्रिलच्या शेवटी साईन ऑफ होतोय, म्हणजे बोटीवरून उतरतोय, जूनपर्यंत घरी आहे. मे महिन्याच्या वादळांच्या आधी या. मी बंदरावर येतो, खुणा करायला रंगाचा डबा आणि ब्रश माझा, कुठल्या घराच्या कुठल्या चौथऱ्यापर्यंत रेघ मारायची ते तुम्ही मोजून सांगा. कुयाला मी हे पत्र इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं, तो आता रिटायर झालाय, पालोलाच असतो, नवीन घर टेकडीच्या बाजूला बांधलंय. त्याने एवढंच विचारलं, सेकंड, तुझ्या आईच्या घरापासून टेकडी किती मिनिटांवर?

आमची टेकडी चौदा मिनिटांवर आहे, आईच्या चालीने. मी घड्याळ लावून मोजलंय.

आपला,
दापोली तालुक्यातला एक बोटीवाला